बांधातली घूस आणि तिच्या खोडी

मैत्रिणींनो, भात पोटरीला आलं की बांधालगतची रोपं बुंध्यातून तिरकी कापलेली दिसायला लागतात. आपण म्हणतो, उंदीर लागले. पण बऱ्याचदा हे काम असतं घुशीचं, आणि तिचा स्वभाव साध्या उंदरापेक्षा वेगळा आहे. तो कळला नाही तर औषधाचे पैसे मातीत जातात.

घरामागच्या गटाराशी फिरणारी दांडगी घूस निराळी, ती किलोभराचीही होते. शेतातली तिची धाकटी बहीण पावकिलोच्या आसपास, अंगानं काळपट, तोंडानं आखूड. चिडली की डुकरासारखी गुरगुरते. तिचं बँडीकूट हे नावही तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून आलंय, म्हणजे डुक्कर-उंदीर!

बीळ ओळखणं सोपं आहे. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि तोंड आतून मातीनं बुजवलेलं असतं. म्हणून वरवर बघणारीला भोक दिसतच नाही. आत मात मोठा संसार असतो. लांब लांब बोगदे, गवत अंथरलेली बाळंतिणीची खोली आणि धान्याची कोठारं. रात्री लोंब्या कापायच्या, ओढत आत न्यायच्या आणि रचून ठेवायच्या. जेवढं खाते त्याहून जास्त साठवते. कापणीनंतर कातकरी लोक ही बिळं खणून भात काढतात, ते उगाच नाही. एकेका बिळातून किलोभर आणि त्याहून जास्तही निघतं.

एवढं मोठं घर, पण राहते एकटी. पिल्लं असलेली आई सोडली तर एका बिळात सहसा एकच मोठी घूस. याचा आपल्याला फायदा आहे. संध्याकाळी बांधावरचे सगळे ढीग पायानं सपाट करा. सकाळी जिथं ताजी माती वर आली असेल, तिथं घूस राहतेय. जुन्या, रिकाम्या बिळांवर मेहनत घालवू नका.

आता तिचं बाळंतपण. साधारण तीन आठवड्यांत व्यायली, एका वेळी सहा-आठ पिल्लं, कधी डझनभरसुद्धा. महिन्याभरात ती दूध सोडतात आणि तीनेक महिन्यांत स्वतः व्यायला तयार! खायला भरपूर असेल तेव्हा पैदास वाढते, म्हणजे नेमकं आपलं पीक दाण्यावर असताना. तेव्हा धावपळ करून काय उपयोग? उन्हाळ्यात शेत मोकळं असतं, घुशी थोड्या असतात, खायला कमी असतं. खरी वेळ ती. राहिलंच तर पीक पोटरीला येण्याआधी.

आणि हे एकटीनं करायचं काम नाही. तुमच्या बांधावरची बिळं रिकामी झाली की शेजारच्या शेतातली घूस आठवड्या-दोन आठवड्यांत तयार घरात येऊन बसते. गटातल्या ज्यांची शेतं एका शिवारात आहेत त्यांनी दिवस ठरवून एकदम करावं. बांधही आटोपशीर ठेवा. रुंद, गवतानं माजलेला बांध म्हणजे घुशीला आयता वाडा.

घूस संशयी असते. नवीन खाणं आधी चिमूटभर चाखते. पोटात दुखलं तर मरत नाही, पण पुढं कित्येक दिवस त्या खाण्याला तोंड लावत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून बिळात ठेवायचा. ती निर्धास्त खायला लागली की मग औषधाचा. झिंक फॉस्फाईडचं प्रमाण असं: 96 भाग भरडा, 2 भाग गोडेतेल, 2 भाग औषध. हे औषध लागोपाठ पुन्हा वापरू नका. उरलेल्या घुशींसाठी ब्रोमाडिओलोन वापरतात. तेव्हा सहायक कृषी अधिकाऱ्यांना आधी विचारा.

इथं मात्र जपा. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. स्वयंपाकाचं भांडं, पळी, काही वापरायचं नाही. काठीनं कालवा, हातमोजे घाला, पुडी बिळात आत सारून तोंड बुजवा. उरलेली पुडी घरात, त्यातही मुलांच्या हाताशी, ठेवू नका. मेलेल्या घुशी गोळा करून खोल पुरा, नाहीतर कुत्र्या-मांजरांच्या तोंडात जातात.

घुबड आणि धामण मात्र मारू नका. धामण बिनविषारी आहे. गव्हाणी घुबड तर रात्रभर उंदीरच शोधत असतं. त्याला बसायला शेतात ‘टी’ आकाराचे लाकडी थांबे रोवले की झालं.

चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर बूट घाला. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर घरी काढा पीत बसू नका, आरोग्य केंद्रात जा आणि “भाताच्या शेतात काम करते” हे डॉक्टरांना आधी सांगा.