आंबट आलं कुठून?

27 नोव्हेंबर 2015. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार. अमेरिकेत या दिवशी लोक टीव्ही आणि मोबाइल स्वस्तात मिळवायला पहाटेपासून उभे राहतात. शिकागोत त्या दिवशी दारूच्या दुकानांपुढेही रांगा असतात, त्या एका बिअरसाठी. गूज आयलंड कंपनीची 'बर्बन काउंटी स्टाउट' दर वर्षी याच दिवशी बाजारात येते. मिळालेल्या बाटल्या लोक लगेच फोडतातच असं नाही. काही तळघरात जपून ठेवल्या जातात, कारण बाटलीतली बिअर पाच वर्षांपर्यंत मुरत राहते असं खुद्द लेबलच सांगतं.

ही बिअर फ्रिजमधून काढून घटाघट पिण्याची नाही. अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या साध्या लागरच्या जवळजवळ तिप्पट. लहान ग्लासात दोन-चार घोटांपुरती ओतायची आणि गारवा उतरेपर्यंत थांबायचं. रंग काळा, इतका की दिव्यासमोर धरूनही आरपार दिसत नाही. फेस तपकिरी, तोही पटकन बसतो. नाकाशी आधी व्हॅनिला येतो, मग भाजलेलं खोबरं, कोको, काकवी. घोट घेतला की जिभेवर जाड साय बसल्यासारखं वाटतं आणि शेवटी घशात व्हिस्कीची ऊब उतरते. गोड, कडू, जळकट, सगळं आहे. आंबट मात्र नाही. असूच नये.

आणि त्या हिवाळ्यात काही बाटल्यांमध्ये ते होतं.

तक्रार आधी जिभेने नोंदवली. या वार्षिक खेपेत मूळ स्टाउटबरोबर तिची भावंडंही येतात. त्यातल्या कॉफी घातलेल्या स्टाउटमध्ये आणि 'बार्लीवाइन' नावाच्या तितक्याच कडक बिअरमध्ये पिणाऱ्यांना एक आंबूस, न शोभणारी चव लागू लागली. दर वर्षी याच चवीची वाट पाहणाऱ्यांना दुसऱ्या घोटालाच खटकलं. पण नुसतं खटकून भागत नाही. लाकडात मुरलेल्या बिअरमध्ये इतक्या चवी एकावर एक बसलेल्या असतात, की ही ओकची करामत, कॉफीचा आंबटपणा की खरंच बिघाड, हे सांगणं अवघड. जानेवारी 2016 मध्ये कंपनीने या दोन प्रकारांमध्ये दोष असल्याचं मान्य केलं आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

यात खरं नवल होतं ते असं, की अशी बिअर बिघडू नये याचा बंदोबस्त तिच्या घडणीतच आहे. बिअरमध्ये घातलेल्या हॉप्स या फुलांमधली कडू आम्लं लॅक्टोबॅसिलस जातीच्या बहुतेक जिवाणूंना वाढू देत नाहीत. वर 14 टक्के अल्कोहोल. त्यात ती मुरते ते पीप कसलं, तर ज्यात वर्षानुवर्षं साठ टक्क्यांच्या आसपासची बर्बन व्हिस्की राहिलेली. एवढा पहारा असताना बिअर तापवून जंतू मारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. ती पाश्चरायझेशनशिवायच बाटलीत जात होती.

हा पिपावरचा विश्वास समजून घ्यायचा तर बर्बनच्या केंटकीत जावं लागतं. अमेरिकेतला कायदा सांगतो, की बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका हवा आणि ती मुरायला हवी ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिपात. नव्या, हा शब्द महत्त्वाचा. बर्बन भरताना ती 62.5 टक्क्यांहून कडक चालत नाही, आणि एकदा बाहेर काढली की त्या पिपात पुन्हा बर्बन भरता येत नाही. दोनशे लिटरचं, भिंतीत दारू मुरलेलं, धडधाकट पीप असं एका वापरात निवृत्त होतं. अशी पिपं स्कॉटलंडला जहाजं भरून जातात. आपल्या गोव्यातही येतात, कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची सिंगल माल्ट याच पिपांमध्ये मुरते. लाकूड जाळल्यामुळे त्यातल्या लिग्निनमधून व्हॅनिलिन सुटतं. ओकमधली लॅक्टोन नावाची द्रव्यं खोबऱ्याचा वास देतात. बर्बन त्यातलं बरंच घेऊन जाते, पण सगळं नाही.

हे उरलेलं बिअरला द्यावं, ही कल्पना ग्रेग हॉलची. वडील जॉन हॉल यांनी 1988 साली शिकागोच्या क्लायबोर्न अव्हेन्यूवर गूज आयलंड हा स्वतःची बिअर गाळणारा पब काढला होता. मुलगा तिथला मुख्य ब्रुअर झाला. इंडियाना राज्यात साउथ बेंड गावी बिअर, बर्बन आणि सिगार यांचं एक जेवण ठरलं होतं. तिथे ग्रेगची गाठ बुकर नो यांच्याशी पडली. बुकर म्हणजे बर्बनवाले जिम बीम यांच्या मुलीचा मुलगा, देहाने आडदांड, आणि पाणी न मिसळलेली बर्बन थेट पिपातून बाटलीत भरून विकण्याची हिंमत केलेला माणूस. बोलता बोलता ग्रेगने रिकामी पिपं मागितली. सहा मिळाली.

पबमधल्या हजाराव्या खेपेसाठी ग्रेगला काहीतरी दांडगं करायचं होतं. त्याने इतकं माल्ट ओतलं, की भिजवायच्या भांड्यातून ते वर येऊ लागलं, असं तो सांगतो. ती स्टाउट सहा पिपांत गेली. नंतर ती डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलला नेली, तर परीक्षकांची पंचाईत झाली. चव आवडली, पण बसवायची कुठल्या गटात? तेव्हा पिपात मुरलेल्या बिअरसाठी गटच नव्हता. उल्लेखनीय म्हणून नोंद करून तिची बोळवण झाली. आज अमेरिकेत असे गट आहेत, आणि बर्बनचं पीप न वापरणारा छोटा ब्रुअर शोधावा लागतो.

तर अशा घराण्यातल्या बिअरमध्ये 2015 साली आंबटपणा शिरला. संशयित म्हणून सापडला तो लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटोलरन्स. कूळ आपल्या विरजणातल्या जिवाणूंचंच, पण स्वभाव वेगळा. याची शास्त्रीय ओळख 1986 साली जपानी संशोधकांनी करून दिली होती, तीही व्हिनेगरच्या आंबवणात. नावातच लिहिलं आहे की ॲसिटिक आम्ल याला सोसतं. जिथे बाकीचे जिवाणू माना टाकतात तिथे हा संसार थाटतो. हॉप्सलाही तो दाद देत नाही.

त्याला पकडणं अवघड का, तेही सांगायला हवं. बिअरच्या प्रयोगशाळेत साधी रीत अशी, की नमुना ताटलीतल्या जिवाणूंच्या खाद्यावर पसरायचा आणि काही दिवसांत वसाहती उगवतात का ते पाहायचं. हा जिवाणू नेहमीच्या खाद्यावर नीट उगवत नाही, उगवला तर फार सावकाश. त्याहून वाईट म्हणजे बिअरमध्ये राहून तो अशा अवस्थेत जाऊ शकतो, की जिवंत असतो पण ताटलीवर वाढतच नाही. ताटली स्वच्छ दिसते, बाटली बंद होते, आणि आत सावकाश आम्ल साठत जातं. मुरण्यासाठी ठेवलेला काळ त्याच्याच पथ्यावर पडतो. अशा वेळी डीएनए तपासण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण तिथे जिवाणूने वाढून दाखवण्याची वाट पाहावी लागत नाही. मला यातली गंमत वाटते ती ही, की ज्याला ताटलीने पाहिलं नाही त्याला गिऱ्हाइकाच्या जिभेने आधी पाहिलं.

प्रकरण दोन प्रकारांवर थांबलं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मूळ स्टाउटच्या काही बाटल्यांचेही पैसे परत करण्याची वेळ आली. 2016 च्या खेपेपासून गूज आयलंडने पाश्चरायझेशन सुरू केलं. शौकिनांत वाद माजला. कुणी म्हणालं, तापवलेली बिअर तळघरात काय मुरणार? मला हा आक्षेप भावनेचा वाटतो. या बिअरचं बाटलीतलं वय वाढतं ते मुख्यतः प्राणवायूच्या संथ कामामुळे, आणि त्याला जिवंत जंतू लागत नाहीत. पण पिणाऱ्याची श्रद्धा दुखावली की रसायनशास्त्र ऐकतो कोण! त्यात 2011 मध्ये कंपनी बडवायझरवाल्यांनी विकत घेतलेली असल्याने संशयाला आधीच धार होती.

या साऱ्याचा माग शिकागो ट्रिब्यूनचा बातमीदार जॉश नोएल ठेवत होता. पुढे 2018 मध्ये गूज आयलंडवरचं त्याचं पुस्तक आलं, आणि त्यात आणखी एक शोध निघाला. लेबलवर या बिअरचा जन्म 1992 चा सांगितला जाई. साऱ्या जगात तेच साल सांगितलं जात होतं. नोएलने जुनं सगळं उकरलं आणि त्याला त्या सालाचा आधार सापडेना. त्याच्या हिशेबाने पहिली बर्बन काउंटी ग्लासात उतरली ती 1995 मध्ये. बुकर नो 2004 सालीच गेले होते, त्यांना विचारण्याची सोय नव्हती. ग्रेग हॉल विक्रीनंतर कंपनीतून बाहेर पडला आणि मिशिगन राज्यात जाऊन त्याने सफरचंदाची सायडर गाळणारी व्हर्च्यू ही कंपनी काढली. तिच्या 'द मिटन' या सायडरसाठीही त्याने बर्बनची पिपंच मागवली.