तळवलीत राहून पालकत्वासाठी समुपदेशक शोधताना

मूल ऐकत नाही, शाळेत जायला रडते, दिवसभर मोबाइल सोडत नाही, घरात रोज वादावादी होते. अशा वेळी ‘मुलाला कुणाला तरी दाखवू या’ असे घरात ठरते. खरे तर आधी आई-बाबांनी स्वतः जाऊन बोलावे. पालकत्वाचे समुपदेशन म्हणजे मुलाची दुरुस्ती नव्हे. घरातली मोठी माणसे मुलाशी कशी वागतात, हे बदलण्याचे ते काम आहे.

कोणाकडे जायचे?

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. औषधे तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषधे देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक विचारायला संकोचू नये. समुपदेशक बोलून वाट काढायला मदत करतात, मात्र त्यांचे शिक्षण कुठे व किती झाले, हे विचारून घ्यावे. नुसत्या पाटीवर विसंबू नये.

मूल उशिरा बोलत असेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

कुठे शोधायचे?

सुरुवात शाळेच्या समुपदेशकापासून करता येते. नवी मुंबई महापालिकेची ऐरोली व वाशी येथे रुग्णालये आहेत. तिथे मनोविकारांची ओपीडी कोणत्या दिवशी असते, याची चौकशी करावी. घणसोली किंवा रबाळे स्थानकावरून ठाण्याला थेट लोकल मिळते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे.

घरातून निघणे जमत नसेल, तर 14416 या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत मिळते. ती 2022 मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीतही बोलता येते.

पहिल्या फोनवर काय विचारायचे?

- आमच्या मुलाच्या वयाच्या मुलांसोबत काम करता का?
- पालकांना वेगळा वेळ देता का?
- मराठीत बोलता येईल का? आजी-आजोबांनाही आणायचे असेल तर चालेल का?
- एका भेटीचे शुल्क किती आणि ती किती वेळाची?
- मुलाने सांगितलेले काय गुप्त राहील आणि काय आम्हाला कळवाल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळायला हवे. मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हा पालकांना सांगावेच लागते. इतर वेळी मुलाचा विश्वास जपला गेला, तरच ते मोकळे होते.

योग्य माणूस कसा ओळखायचा?

चांगला समुपदेशक आधी ऐकतो. झोप, अभ्यास, घरातले ताण, मुलाचे गुण, सगळे विचारतो. मग आठवडाभर करून पाहण्याजोगी एखादी छोटी गोष्ट सुचवतो. पुढच्या भेटीत तिचे काय झाले, याची विचारपूस करतो. पहिल्याच भेटीत ‘मूल महिन्यात सुधारेल’ अशी हमी देणाऱ्यापासून किंवा सगळा दोष आईच्या माथी मारणाऱ्यापासून दूर राहावे. दोन-तीन भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर समुपदेशक बदलण्यात गैर काहीच नाही.

थांबू नये अशा वेळा

मूल मरणाची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालयात न्या. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर कळवा.

एरवी मात्र प्रश्न हाताबाहेर जाण्याची वाट कशाला पाहायची? लवकर मागितलेली मदत मुलाइतकीच पालकांनाही बळ देते.