रुग्णाशी नाते : मैत्रीण

रुग्णालयाच्या अर्जावर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. पती, मुलगा, सून, भाऊ यांना तो भरताना विचार करावा लागत नाही. यंदा संक्रांतीनंतर माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. रोग तिसऱ्या टप्प्यात होता. तिच्याबरोबर तपासणीला गेले तेव्हा मी त्या रकान्यात ‘मैत्रीण’ असे लिहिले. पलीकडच्या बाईंनी ते वाचून विचारले, “घरचं कुणी नाही का?” प्रश्न रास्त होता. घरचे होते. नवरा रजेच्या अर्जात अडकला होता, मुलगी परीक्षेत आणि भाऊ नाशिकला. पण परतीच्या लोकलमध्ये तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. घरच्यांची कामे ठरलेली असतात. मैत्रिणीचे काम नेमके कोणते?

मी डॉक्टर नाही. आमच्या नेरळ-कर्जत परिसराचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय, आणि त्यातलेही बहुतेक मी स्वतःच वाचून शिकले. इथेही तेच केले. वाचले, जाणत्यांना विचारले, टिपणे काढली. त्यांतून हाती लागले ते इथे मांडते. औषधोपचाराचा सल्ला मात्र ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

‘आधी का नाही दाखवलं?’

नेरळसारख्या गावात सकाळची बातमी संध्याकाळपर्यंत बाजारपेठभर होते. भेटायला येणारे मायेनेच येतात. पण दारातून आत आल्यावर दहांपैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो: “अगं, आधी का नाही दाखवलंस?” विचारणारा चहा पिऊन निघून जातो. प्रश्न तिच्या उशाशी राहतो. म्हणून मी पहिला शोध याच प्रश्नाच्या उत्तराचा घेतला.

भारतीय स्त्रियांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांखालोखाल अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रम लागतो. स्तनातली गाठ हाताला लागू शकते. गर्भाशयमुखाची तपासणी पेशींच्या चाचणीने करता येते. अंडाशये मात्र ओटीपोटात खोलवर, बदामाएवढी आणि भोवती भरपूर मोकळी जागा असलेली. तिथे गाठ वाढली तरी बराच काळ ती कशालाही अडत नाही, दुखतही नाही. या रोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अनेकदा अंडाशयात सुरूच होत नाही. बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी त्याचा उगम होतो, असे आता मानले जाते. तिथल्या पेशी सुटून पोटातल्या द्रवाबरोबर फिरतात आणि उदराच्या अस्तरावर, आतड्यांवरून लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर रुजतात. त्यासाठी त्यांना कुठली भिंत ओलांडावी लागत नाही. त्यामुळे अंडाशय फारसे मोठे झालेले नसतानाही रोग पोटभर पसरलेला असू शकतो. बहुसंख्य रुग्णांचे निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होते, त्याचे कारण हे आहे.

मग वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्तातली ‘सीए-१२५’ची तपासणी केली असती तर? हाच विचार करून ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २००१ पासून त्यांची नोंदणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले. नियमित तपासणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. आजही काही त्रास नसलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी या रोगाची भरवशाची चाळणी तपासणी जगात कुठेच नाही.

लक्षणे नसतात असे नाही. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे ही ती चार लक्षणे. अमेरिकेतल्या डॉ. बार्बरा गॉफ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यांना एक माप दिले: ही लक्षणे वर्षभरात नव्याने सुरू झालेली असतील आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असतील, तर तपासून घ्यावे. वाचणाऱ्या प्रत्येकीने हे माप लक्षात ठेवावे. पण पन्नाशीच्या बाईला पोट फुगले तर ती काय म्हणते? गॅस झालाय. पाळी जातेय. लग्नाचं जेवण बाधलं. डॉक्टरही आधी आम्लपित्ताची गोळी देतात, कारण शंभरांतल्या बहुतेकींना खरोखरच तेवढेच झालेले असते. माझ्या मैत्रिणीने कंबरेला साडी घट्ट होते म्हणून दोन महिने रात्रीचे जेवण सोडले होते. पोटात पाणी साठत होते.

हे सगळे मी तिला एका दुपारी सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे मी चुकले नाही.” मैत्रिणीचे पहिले काम हे, असे मला तेव्हा कळले. पुढे कुणी तो प्रश्न विचारला की उत्तर मी देऊ लागले.

एकवीस दिवसांचे चक्र

या टप्प्यातल्या उपचाराचे दोन पाय आहेत, शस्त्रक्रिया आणि केमो. शस्त्रक्रियेत गर्भाशय, दोन्ही अंडाशये, बीजवाहिन्या, चरबीचा पडदा आणि डोळ्यांना दिसेल तो प्रत्येक ठिपका काढतात. मागे दिसण्याजोगा रोग न उरणे याला फार महत्त्व आहे. म्हणून ती स्त्रियांच्या कर्करोगाचे खास शिक्षण घेतलेल्या शल्यविशारदाकडूनच व्हावी. रोग पहिल्या फटक्यात पूर्ण काढता येईलसा नसेल, तर आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन केमो असा क्रम लावतात. आधी शस्त्रक्रिया आणि आधी केमो या दोन वाटांची तुलना करणारा युरोपातला मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्हींचे आयुर्मान सारखेच आढळले. “ऑपरेशन लगेच का करत नाहीत, काही आशा नाही का?” या घरच्यांच्या धास्तीला एवढे उत्तर पुरते.

केमोत कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधे साधारणपणे दर एकवीस दिवसांनी शिरेतून देतात. आम्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिल्या आणि लवकरच लक्षात आले की या एकवीस दिवसांना स्वतःचे ऋतू आहेत. पहिले काही दिवस मळमळ, अंगदुखी, बद्धकोष्ठता. सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. हे दिवस संसर्गाच्या भीतीचे. शेवटचा आठवडा बरा जातो. भेटायला येणाऱ्यांना मी याच आठवड्यातले दिवस देत असे. दोन-तीन आठवड्यांत केस जातात, पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागतात.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तापाची. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर सकाळपर्यंत थांबायचे नसते आणि स्वतःच्या मनाने गोळी देऊन तो दाबायचाही नसतो. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. परळच्या माणसाला हे सोपे आहे. नेरळहून मध्यरात्री परळ गाठता येत नाही. म्हणून पहिल्या केमोच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे की रात्री ताप आला तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे. गाडीवाल्याचा नंबर, थर्मामीटर आणि केमोची कागदपत्रे एका पिशवीत हवीत. आमच्यावर ती वेळ एकदा आली. पिशवी दाराशी होती, म्हणून वीस मिनिटांत निघालो.

दुसरी गोष्ट वहीची. डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाला निम्मे ऐकू येत नाही आणि नवऱ्याला उरलेले. मी दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर आमचे प्रश्न, उजव्या पानावर डॉक्टरांची उत्तरे, मागून सुरू करून खर्च. औषधाबाहेरचे उपायही वहीत लिहून घेत असे. कुणी लक्ष्मणफळ आणले, कुणी गव्हांकुरांचा रस, कुणी गोमूत्राचा अर्क. आणणाऱ्याचे मन न मोडता मी म्हणायचे, “डॉक्टरांना विचारून देते.” यांपैकी कशानेही हा रोग बरा झाल्याचा पुरावा नाही आणि काही काढे केमोच्या औषधांत ढवळाढवळ करू शकतात. नाही म्हणण्याचा वाईटपणा रुग्णाने घेण्यापेक्षा मैत्रिणीने घेतलेला बरा.

नेरळ ते परळ

नेरळ हे माथेरानच्या पायथ्याचे स्टेशन. १९०७ मध्ये इथून छोटी गाडी सुरू झाली ती मुंबईकरांना हवापालटाला वर नेण्यासाठी. आजाराने गांजलेल्यांचा प्रवास मात्र उलट दिशेचा. कर्जतची जलद लोकल परळला थांबत नाही. दादरला उतरून धीमी गाडी पकडायची, नाहीतर टॅक्सी. खारघरच्या टाटा केंद्राला जायचे तर ठाण्याला बदलून पनवेलची गाडी. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णाला जाता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कागद जवळ ठेवावा. लांब पल्ल्याच्या रेल्वे तिकिटातही सवलत आहे आणि तिच्या नियमात रुग्णाबरोबर एका सोबत्याचाही हिशेब धरला आहे.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते पाणी आमच्या शेजारचेच. शेवटची केमो पावसात आली, तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच मुंबई गाठली.

मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याचे उत्तरही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन. दोन्हींकडे रुग्णाबरोबर सोबतीच्या माणसाचीही सोय पाहिली जाते. टाटा रुग्णालयाचा उगमही सोबतीच्याच अनुभवातला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले, तशी सोय इथे असावी ही सर दोराबजींची इच्छा. ते स्वतः १९३२ मध्ये गेले, पण त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालय उघडले. पुढे १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले.

पैशांची बाजू थोडक्यात. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. कर्करोगाचे उपचार तीत बसतात. रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटावे. रेशनकार्ड आणि आधार यांवरची नावे जुळत नसतील तर ती दुरुस्ती मैत्रिणीने अंगावर घ्यावी. तहसील कचेरीच्या फेऱ्यांना वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

खरे कुणाशी बोलायचे

घरच्यांनी सुरुवातीला तिला ‘गाठ आहे, काढली की झालं’ एवढेच सांगायचे ठरवले होते. मलाही तशी ताकीद होती. दुसऱ्या फेरीला वांगणी मागे पडल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “तिसरा टप्पा म्हणजे किती वाईट गं? फाइल माझ्याच मांडीवर असते. वाचता येतं मला.” मी खोटे बोलले नाही. टप्पा म्हणजे रोग कुठवर पसरलाय त्याचा नकाशा, त्यावर दिवस लिहिलेले नसतात, एवढे सांगितले. उपचारांनी तो बहुतेक वेळा मागे हटतो, हेही. आणि पुष्कळ जणींमध्ये तो काही काळाने परततो, हे तिने विचारले तेव्हाच सांगितले. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला म्हटले, “आता लपवू नका, मला दोघांचं ओझं होतं.” त्यानंतर घर मोकळे झाले.

आपले दुःख कुठे ओतायचे याचा एक साधा नियम सुझन सिल्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये मांडला. मध्यभागी रुग्ण, भोवती घरचे, त्याबाहेर मित्र, त्याबाहेर शेजारीपाजारी, अशी वर्तुळे काढायची. आत पाहताना धीर द्यायचा आणि आपले रडगाणे नेहमी बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचे. मी रडले ते माझ्या बहिणीपाशी. नवऱ्याने रडावे ते माझ्यापाशी, आणि तो रडलाही.

लोक एका ओळखीच्या उदाहरणावरून सगळे ठरवतात. अभिनेत्री-निर्मात्या स्मिता तळवलकर ६ ऑगस्ट २०१४ रोजी याच आजाराने गेल्या, हे तिला निदान चौघांनी ऐकवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत या रोगासाठी ओलापॅरिब या नव्या प्रकारच्या गोळीला मान्यता मिळाली, हे कुणाला माहीत नव्हते. ज्यांच्या ‘बीआरसीए’ जनुकांत दोष असतो त्यांना तिचा विशेष उपयोग होतो. म्हणून या रोगात जनुकीय तपासणी सुचवतात. पण तिचा निकाल एकटीचा नसतो. दोष आढळला तर बहिणीला, मुलीलाही तपासणीचा विचार करावा लागतो. हा विषय कधी काढायचा, हे आम्ही वहीत सहा वेळा लिहून खोडले. शेवटी तिनेच मुलीला सांगितले, शस्त्रक्रियेच्या जखमेचे टाके निघाल्यावर.

पॅलिएटिव्ह उपचार या शब्दालाही लोक भितात. वेदना, मळमळ, झोप, भीती यांच्यावर इलाज करणारी ही शाखा निदानापासूनच कामाची असते. बॉस्टनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना ती सुरुवातीपासून मिळाली, तेव्हा त्यांचे मन अधिक स्थिर राहिले आणि आयुष्यही थोडे वाढले. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळते आहे. तिथवर जायची वेळ येईल न येईल, पण असे दार आहे हे माहीत असावे.

सहा केमो संपल्या. केस बोटभर आले आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे आणि पुढची भाऊबीजेनंतर लगेच. भाऊ नाशिकहून येणार आहे आणि या वेळी तोच तिला घेऊन जाणार आहे. वही मी त्याच्या हाती देणार आहे. डावे पान प्रश्नांचे आणि उजवे उत्तरांचे, एवढे त्याला सांगावे लागेल.