अणू, रेणू आणि ऑनलाइन शेजारी

पाणी उकळताना बुडबुड्यांत काय असते? उत्तर पाण्याची वाफ. पण पहिल्या वर्षाची पुष्कळ मुले हायड्रोजन व ऑक्सिजन म्हणतात. अशा प्रश्नांना हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेली पद्धत चांगली लागू पडते. आधी एकट्याने उत्तर निवडायचे, शेजाऱ्याला पटवायचे, मग पुन्हा निवडायचे.

ऑनलाइन वर्गात शेजारी बाकावरचा नसतो. मी मराठीची प्राध्यापक. रसायनशास्त्राच्या अशा वर्गात भाषेसाठी बसते. इंदूरची मुलगी कोल्हापूरच्या मुलाला सांगते, “उकळताना अणू एकमेकांपासून सुटतात.” तो म्हणतो, चूक! वास्तविक तिचे बरोबर असू शकते. हिंदीत रेणूलाच ‘अणु’ म्हणतात आणि आपल्या अणूला ‘परमाणु’. कन्नड, गुजराती, तेलुगूतही तसेच. म्हणजे बेळगाव, बडोदा, हैदराबादच्या मराठी मुलांच्या कानावरही हाच घोळ. (वेगळे आपणच पडलो आहोत, हे मान्य करायला हवे.)

प्रत्यक्ष वर्गात मुलगी वहीत काढून दाखवते. पडद्यावर शब्दच पोहोचतो, आणि नुसत्या पर्यायावरून शब्द चुकला की समज, हे शिक्षकाला कळत नाही. म्हणून दुसऱ्या निवडीआधी दोघांनी कागदावर वाफ काढून कॅमेऱ्यासमोर धरायची: एक मोठे वर्तुळ, त्याला चिकटलेली दोन लहान. तिन्ही चिकटलेली असली तर फरक फक्त शब्दाचा. सुटी झाली असतील तर खरी शिकवणी तिथून सुरू होते. मराठीतून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यांनी ‘रेणू’च लिहावे, हे मात्र त्याच तासाला सांगावे.