विद्यार्थ्यांचें जेवण व त्याचे कागद

जुनें दप्तर उलगडतांना एखादी सनद, महजर किंवा निवाडपत्र हातीं आलें म्हणजे संग्राहकास धन्यता वाटते. त्याच दप्तरांतून तेलकट डागांची एखादी लांबट वही निघाली, तर ती बहुधा रद्दींत जाते. या दुसऱ्या जातीच्या वह्यांत खानावळींचे, वसतिगृहांचे व विद्यार्थ्यांच्या क्लबांचे हिशेब असतात. त्यांकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, महाराष्ट्रांत विद्या कोणास मिळाली व कोणास मिळाली नाहीं, याचा उलगडा शाळांच्या पटांवरून जितका होतो, तितकाच गरीब विद्यार्थ्यास कोणाच्या दारीं जेवावयास मिळे यावरून होतो. आणि या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा त्या तेलकट वह्यांतच शोधिला पाहिजे.

(१) माधुकरी व वार. परगांवाहून पुण्यास शिकावयास आलेल्या ब्राह्मण मुलाच्या गांठीं पैसा नसला व बिऱ्हाडीं चूल नसली, तरी दोन मार्ग त्यास मोकळे असत. पहिला माधुकरीचा. मधुकर म्हणजे भुंगा. तो जसा अनेक फुलांतून थोडा थोडा मध घेतो, तसें चारपांच घरांतून थोडें थोडें शिजलेलें अन्न घ्यावयाचें, म्हणून ही माधुकरी. सोवळें नेसून, झोळी घेऊन विद्यार्थी ठरलेल्या घरांपुढें उभा राही व ‘ॐ भवति भिक्षां देहि’ असें म्हणे. एका घरचा भात, दुसऱ्या घरची पोळी, तिसऱ्या घरचें वरण, असें जें मिळे त्यावर त्याचा गुजारा होई. ब्रह्मचाऱ्यानें भिक्षा मागणें हा धर्मच मानलेला असल्यामुळें यांत कमीपणा थोडा वाटे.

दुसरा मार्ग वार लावून जेवण्याचा. आठवड्याचे सात वार सात घरीं वांटून घ्यावयाचे. सोमवारीं एका घरीं पान, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. सातही वार भरले तर विद्यार्थी भाग्यवान. एखाद्या घरीं सुतक आलें किंवा यजमान सहकुटुंब यात्रेस गेले, कीं तो वार कोरडा जावयाचा. या दोन्ही मार्गांत विद्यार्थ्यास इंधन, भांडीं व धान्य यांचा खर्च नसे. खर्च होई तो वेळेचा आणि मानाचा.

इ. स. १८२१ त पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, १८८५ त फर्ग्युसन कॉलेज निघालें. या सर्व काळांत शहराच्या पेठांतील गृहिणी विद्येचा हा खर्च निमूटपणें सोशीत होत्या. पण त्याचा कागद जवळजवळ नाहीं. ज्या घरीं वार असे, त्या घरच्या कीर्दींत एका जास्त पानाची नोंद कोण करणार? हें दान चुलीपाशीं होई व चुलीपाशींच विसरलें जाई. इ. स. १९०९ त पुण्यास अनाथ विद्यार्थी गृह निघालें (हेंच पुढें पुणें विद्यार्थी गृह झालें), तेव्हां अशा मुलांच्या पोषणास संस्थेचें रूप आलें. आणि जेथें संस्था येते तेथें वही येते.

(२) बंद दारें. वरील दोन्ही मार्ग सोवळ्याओवळ्याच्या आधारावर उभे होते. म्हणून ते ज्यांस उघडे होते त्यांसच उघडे होते. कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा महाराच्या मुलास सदाशिव पेठेंत माधुकरी मिळणें शक्य नव्हतें. त्यास शाळेंत नांव घालतां आलें तरी जेवावयाचें कोठें, हा प्रश्न उरे. आणि या प्रश्नाशींच पुष्कळांचें शिक्षण थांबे. मुलींस तर दारोदार जाण्याची सोयच नव्हती. अण्णासाहेब कर्वे यांनीं इ. स. १८९६ त अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० त तो हिंगण्यास नेला. विधवेस शिकवावयाचें तर प्रथम तिला आसरा व दोन वेळचें अन्न दिलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

कोल्हापुरास शाहूछत्रपतींच्या आश्रयानें इ. स. १९०१ त व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादि समाजांचीं वसतिगृहें निघालीं, व १९०८ त अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ त सोलापुरास वसतिगृह उघडलें. ही मालिका वाचतांना आपण ‘वसति’ या शब्दाकडे पाहतों. वस्तुतः या संस्थांचें हृदय म्हणजे त्यांचा स्वयंपाकघराचा भाग होय. रात्रीं अंग टाकावयास देवळाची पडवीही चालते. अन्न मात्र दररोज दोनदां लागतें.

भाऊराव पाटील यांनीं १९१९ त रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ त साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह चालू केलें. तेथें मुलें एका पंक्तीस बसत व स्वयंपाकांतही हातभार लावीत. धान्य संपलें तेव्हां मुलांच्या जेवणासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने मोडले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एका पंक्तीचा हा प्रयोग सामाजिक सुधारणेच्या इतिहासांत नमूद आहेच. पण त्या पंक्तीस दररोज किती शेर ज्वारी लागली, हें ज्या वहींत असेल ती वहीही तितकीच मोलाची आहे.

(३) स्वयंपाकी विद्यार्थी. ज्यास कोणतेंच दार नको असे किंवा मिळत नसे, तो हातानें शिजवून खाई. गोपाळराव गोखले यांच्या चरित्रांत सांगितलें आहे कीं, त्यांचे ज्येष्ठ बंधु गोविंदराव यांस दरमहा १५ रुपये मिळत व त्यांतील ८ रुपये ते गोपाळरावांच्या शिक्षणास पाठवीत. आठ रुपयांचे १२८ आणे. म्हणजे दिवसास सुमारें सवाचार आणे. त्यांतच फी, पुस्तकें, दिव्याचें तेल व जेवण. गोपाळराव हातानें रांधीत व तेल वांचविण्यासाठीं रस्त्यावरील दिव्याखालीं वाचीत, ही आख्यायिका या हिशेबाशेजारीं ठेवून वाचावी, म्हणजे तींत अतिशयोक्ति वाटत नाहीं.

एका खोलींत, एका शेगडीवर, एका पातेल्यांत काय होतें? मुगाची खिचडी होते. पिठलें व भात एकामागून एक होतात. कुळथाचें पीठ पाण्यांत कालवून उकळलें कीं पिठी तयार. घरून आलेलें मेतकूट गरम भातावर घातलें कीं दुसऱ्या कालवणाची गरज नाहीं. पोह्यांस तर विस्तवही लागत नाहीं. हे पदार्थ केवळ स्वस्त नव्हेत. तांदूळ व डाळ एकत्र खाल्ल्यानें एकांतील उणीव दुसऱ्यानें भरून निघते, हें आजचें आहारशास्त्र सांगतें. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं इ. स. १९१० त ‘इकमिक कुकर’ काढला, तो अशाच एकट्या माणसाच्या सोयीचा. खालीं निखारे, वर पाणी, त्यावर एकावर एक डबे. डबे लावून कामास जावें व परत येऊन वाफेवर शिजलेलें जेवण काढावें. अशा उपकरणांचीं जाहिरातपत्रकें व किंमतीचे कागद हींही आमच्या मतें ऐतिहासिक साधनेंच होत.

(४) वही कशी वाचावी. खानावळींत जेवणाऱ्यास ‘मेंबर’ म्हणत. वहींत त्याच्या नांवापुढें दिवसांचीं घरें असतात. न जेवल्या वेळेस ‘खाडा’ मांडतात व ठरलेल्या नियमानें तो बिलांतून वजा होतो. पाहुण्याचें पान वेगळें मांडतात. विद्यार्थ्यांचा स्वतःचा क्लब असेल तर एकूण खर्च महिनाअखेर माणशीं वांटलेला दिसेल. खाड्यांच्या रांगा लक्षपूर्वक पाहाव्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत एकाच मुलाचे खाडे वाढत असतील, तर तो गांवीं गेला होता कीं पैसे वांचवीत होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

धान्य मापानें लिहिलेलें असल्यास २ चिपटीं म्हणजे १ मापटें, २ मापटीं म्हणजे १ शेर व ४ शेर म्हणजे १ पायली, असें समजावें. वहीवर साल नसल्यास नाण्यांवरून काळ ठरवितां येतो. रुपये, आणे व पै असा हिशेब असेल तर वही बहुधा १९५७ पूर्वींची. ‘नवे पैसे’ असा उल्लेख असेल तर ती १९५७ व १९६४ यांच्या दरम्यानची. मुंबईच्या वहींत रेशनचे उल्लेख आढळल्यास ती १९४३ च्या अलीकडील, कारण त्या सालीं तेथें धान्याचें रेशनिंग सुरू झालें.

आज पुण्याच्या त्याच पेठांत स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी एका खोलींत तीनचार खाटा टाकून राहतात. पुष्कळ ठिकाणीं खोलींत शिजविण्यास मनाई असते, म्हणून ते मेसच्या डब्यावर दिवस काढतात. त्यांचे खाडे आतां भ्रमणध्वनीवर मांडले जातात व उपकरण बदललें कीं पुसले जातात. माधुकरीचा कागद झालाच नाहीं. खानावळीचा झाला, तो रद्दींत गेला. आणि आजचा तर हातांत धरतांही येत नाहीं.

राजवाड्यांनीं इ. स. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध केलीं, तीं ज्या कागदांवरून केलीं त्यांतील पुष्कळ कागद त्यांच्या धन्यांस निरुपयोगी वाटत होते. तोच न्याय येथें लावावा. ज्यांच्या घरीं पूर्वीं खानावळ होती, ज्यांच्या वडिलांनीं क्लबाचा हिशेब ठेविला होता, किंवा ज्यांच्या आजीच्या घरीं वारकरी विद्यार्थी जेवत होते, त्यांच्याकडे आमच्या वाचकांनीं अवश्य चौकशी करावी. वही मिळाल्यास तिचे डाग पुसूं नयेत व पानें सुटीं करूं नयेत. वही नसेल व आठवण असेल, तर ती सांगणाराच्या तोंडून नांवगांवासह लिहून घ्यावी. ज्या आज्यांनीं तीं पानें वाढलीं त्यांच्या आठवणी सांगणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत.