दुखणे थांबले, तरी व्यायाम थांबवू नका

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत आठ-आठ तास उभे राहणारे कामगार, भीमेच्या काठी वाकून ऊसतोडणी करणारे मजूर, गुऱ्हाळावर जड भार उचलणारे गडी, गोठ्यात रोज उकिडवे बसून धारा काढणाऱ्या महिला आणि दौंडहून रेल्वेने पुणे गाठणारे नोकरदार. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कामे वेगवेगळी असली, तरी कंबर, गुडघा, खांदा आणि मान यांची दुखणी सगळीकडे सारखीच. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर या महामार्गांवर अपघात होऊन हाड मोडलेल्यांची त्यात भर पडते. यातील अनेकांना डॉक्टर फिजिओथेरपीचा सल्ला देतात. पाच-सहा दिवस शेक घेतला जातो, बरे वाटते आणि जाणे बंद होते. काही आठवड्यांनी दुखणे परत आले, की उपचाराचा उपयोग झाला नाही, असे ठरवले जाते. प्रत्यक्षात उपचार अर्ध्यावरच थांबलेला असतो.

शेक ही फक्त सुरुवात

शेक किंवा विजेच्या सौम्य लहरी देणारे यंत्र यांमुळे वेदना तात्पुरती कमी होते. त्याचा खरा उपयोग म्हणजे रुग्णाला व्यायाम करता यावा. सांध्याला आधार देतात ते स्नायू आणि ते यंत्राने नव्हे, तर हालचालीने बळकट होतात. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदू, नसा आणि स्नायू यांचा ताळमेळ सुधारतो. स्नायूंची ताकद नीट वाढायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. दुखणे मात्र त्याआधीच कमी होऊ शकते. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण व्यायाम सोडतात.

प्रत्येक आजाराचा वेग वेगळा असतो. गुडघा बदलल्यानंतरचे पहिले सहा आठवडे पाय वाकवण्यासाठी फार महत्त्वाचे असतात. तेव्हा टाळाटाळ झाली तर गुडघा आखडतो. आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये अधिक आढळतो आणि मोकळा व्हायला कित्येक महिने घेतो. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, पण त्यानंतरही ती पूर्ण थांबत नाही.

सुरुवात करताना

पहिल्या भेटीला एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास आधीच सांगावे. ‘बरे व्हायचे आहे’ एवढेच न सांगता काय जमायला हवे ते सांगावे: एसटीत चढणे, पाण्याची कळशी उचलणे किंवा आठ तासांची पाळी करणे. त्यानुसार व्यायाम ठरवता येतो आणि प्रगतीही मोजता येते.

उपचार देणारी व्यक्ती पात्र आहे का, हे विचारण्यात संकोच नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. आज त्यासाठी बीपीटी ही पदवी आहे आणि राज्यात व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी परिषदही आहे. मालीश करणारे किंवा हाड बसवणारे यांचे काम म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. विशेषतः कोपराला मार लागल्यावर जोरात चोळल्यास स्नायूत हाड तयार होऊन हात कायमचा आखडू शकतो.

किती दुखले तर चालेल?

व्यायाम करताना थोडा ताण किंवा सहन होईल इतके दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले, तर प्रमाण योग्य आहे. दुखणे वाढलेलेच राहिले किंवा सूज आली, तर व्यायाम पूर्ण बंद न करता फिजिओथेरपिस्टला विचारून तो कमी करावा.

अंतर आणि रोजगार

गावातून शिरूर किंवा दौंडला रोज जाणे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेला रोज. ही अडचण पहिल्याच दिवशी सांगावी. अनेक दुखण्यांत रोज दवाखान्यात जाण्याची गरज नसते. तीन-चार व्यायाम नीट शिकून घ्यावेत, ते करतानाचे चित्रीकरण स्वतःच्या मोबाईलवर करून ठेवावे आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने तपासणीस जावे. जवळच्या सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळते का, याचीही चौकशी करावी. तोडणीच्या किंवा कांदा काढणीच्या दिवसांत वेळ नसेल, तर व्यायामांची संख्या कमी करून घ्यावी, पण खंड पडू देऊ नये. सकाळच्या चहानंतर किंवा झोपण्यापूर्वी अशी वेळ ठरलेली असली, की विसर पडत नाही.

हे दिसले तर थेट डॉक्टरांकडे

कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या आतील भागात बधिरपणा येणे, पायातील शक्ती अचानक कमी होणे किंवा ताप येणे; शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजून दुखणे; व्यायाम करताना छातीत दुखणे किंवा धाप लागणे. अशा वेळी व्यायाम थांबवून तातडीने तपासणी करून घ्यावी.

कधी थांबायचे?

चार ते सहा आठवडे नियमित व्यायाम करूनही काहीच फरक नसेल, तर पुन्हा तपासणी करून उपचार बदलायला हवेत. फरक पडला आणि ठरवलेले काम जमू लागले, तर दवाखान्यात जाणे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने बंद करता येते. घरचा व्यायाम मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवस सुरू ठेवावा. ज्या कामामुळे कंबर किंवा गुडघा दुखावला, ते काम बहुतेकांना पुढेही करायचेच असते. त्यासाठी लागणारी ताकद टिकवणे रुग्णाच्याच हातात असते.