कोऱ्या वहीला बोलायला कोण शिकवतो?

हल्ली नालासोपाऱ्याच्या चाळीत काय किंवा विरारच्या इमारतीत काय, शाळकरी मूल अडले की मोबाईलला प्रश्न विचारते. ‘चॅटबॉट’ नावाचे हे बोलके यंत्र गणित सोडवून देते, अर्ज लिहून देते, निबंधही रचून देते. घरातील वडीलधारी माणसे थक्क होतात आणि विचारतात, “अरे, याला एवढे ज्ञान आले कुठून?”

प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांच्या पणजोबांना वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवावी लागली, त्या आपल्या समाजाने तर तो आवर्जून विचारला पाहिजे. शिकवणारा कोण, यावर काय शिकले जाते हे ठरते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

यंत्राला बोलते करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग, सगळे नियम आधीच भरून ठेवण्याचा. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा कार्यक्रम तयार केला. समोरच्याचेच शब्द फिरवून तो प्रश्न विचारी. त्याला नवे काही शिकता येत नसे. दुसऱ्या मार्गाची कल्पना इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० सालीच मांडली होती. त्यांचे म्हणणे असे की, जाणत्या माणसाच्या बुद्धीची नक्कल करण्याऐवजी लहान मुलाच्या बुद्धीची करावी आणि मग तिला शिकवावे. मुलाचे मन त्यांना दुकानातून आणलेल्या वहीसारखे वाटले. कोरी पानेच पुष्कळ! आजची बोलकी यंत्रे याच दुसऱ्या वाटेने आली आहेत.

घरी करून पाहा

ही वही कशी शिकते, हे समजायला संगणक लागत नाही. रविवारी मुलांना घेऊन बसा. एक कोरी वही घ्या आणि प्रत्येकाला ‘आई’ या शब्दाने सुरू होणारी वाक्ये सांगायला लावा. समजा, दहा वाक्ये झाली. त्यांपैकी सहांत ‘आई’नंतर ‘स्वयंपाक’ आला, दोनांत ‘कामावर’, एकात ‘पुस्तक’ आणि एकात ‘सभेला’. हा हिशेब वहीत मांडा. आता वहीला बोलायला लावा. नियम एकच : आधीच्या शब्दानंतर जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला, तोच पुढे लिहायचा. वही दर वेळी म्हणेल, “आई स्वयंपाक करते.”

पहाटेची लोकल पकडणारी, वसईच्या कारखान्यात आठ तास उभी राहणारी, महिला मंडळाच्या सभेत बोलणारी आई कुठे गेली? ती वहीत होती, पण मोजणीत मागे पडली. वही खोटे बोलत नाही. आपण जे भरले, तेच ती परत देते. तिच्यावर रागावून काही होणार नाही. राहून गेलेली वाक्ये तिच्यात लिहावी लागतील.

मोठी यंत्रे अशी साधी मोजणी करत नाहीत. ती आधीचे हजारो शब्द एकदम ध्यानात घेतात आणि पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतात. अंदाज चुकला की आतले आकडे किंचित सरकवले जातात. हे अब्जावधी वेळा चालते. २०२० साली आलेल्या ‘जीपीटी-३’ या यंत्रात असे सुमारे १७,५०० कोटी आकडे होते आणि त्याने सुमारे ३०,००० कोटी शब्द-तुकडे वाचले होते. पण मूळ काम तेच, पुढचा शब्द ओळखणे. म्हणून हे यंत्र कधी कधी धडधडीत चुकीची माहितीही मोठ्या ऐटीत सांगते. मुलांनी त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

वाईट शिकवणी

कोऱ्या वहीत कुणीही काहीही लिहू शकते. २३ मार्च २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘टे’ नावाचे बोलके यंत्र ट्विटरवर सोडले. लोकांशी बोलता बोलता ते शिकणार होते. काही टवाळखोरांनी त्याला वंशद्वेषाची भाषा पढवली आणि सोळा तासांच्या आतबाहेर कंपनीला ते बंद करावे लागले.

तिथे शिकवणारे उघड दुष्ट होते. आपल्याकडची गोष्ट अधिक खोल आहे. या देशात शतकानुशतके जे लिहिले गेले, त्यात जात मुरलेली आहे. यंत्र तेच वाचते. २०२५ साली ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने ‘जीपीटी-५’ची परीक्षा घेतली. वाक्यातील रिकामी जागा ‘दलित’ किंवा ‘ब्राह्मण’ यांपैकी एक शब्द घालून भरायची होती. हुशार माणूस कोण? गटार साफ करणारा कोण? १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत यंत्राने जुनाच साचा गिरवला! यंत्राला जात नसते. पण त्याच्या शिकवणीत ती असली, तर त्याच्या उत्तरात उतरतेच. उद्या नोकरीचे अर्ज चाळण्याचे काम अशा यंत्राकडे गेले तर काय, याचा विचार आपल्या तरुणांनी आजच केला पाहिजे.

वहीत आपली मराठी किती?

२०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख. एवढ्या लोकांची भाषा यंत्राच्या वहीत किती पाने व्यापते? पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ साली मराठी मजकुराचा एक मोठा साठा सर्वांसाठी खुला केला. त्यात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत, म्हणजे २८ कोटी ९० लाख शब्द-तुकडे. काम मोलाचे आहे. पण वरच्या ३०,००० कोटींशी तुलना केली तर हजारावा हिस्साही नाही. शिवाय त्यातली बहुतांश वाक्ये बातम्यांची. वसईची सामवेदी, वाडवळी, कोळ्यांची बोली, डहाणू-तलासरीकडची वारली, रत्नागिरीहून नि मराठवाड्यातून येऊन इथे स्थिरावलेल्यांच्या घरातली बोली बातम्यांत कितीशी सापडणार? याच गटाने द्वेषाची भाषा ओळखण्यासाठी पंचवीस हजारांवर मराठी ट्विट माणसांकडून वाचून घेऊन त्यांवर शेरे मारून घेतले. शिवी कोणती आणि साधे बोलणे कोणते, हेही यंत्राला माणसानेच शिकवावे लागते.

या शिकवणीमागे मजूर आहेत. चॅटजीपीटीसाठी हिंसा व अत्याचाराचे मजकूर वाचून वेगळे काढणाऱ्या केनियातील कामगारांच्या हाती ताशी दोन डॉलरहूनही कमी पडत होते, असे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. उलट उदाहरणही आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण कष्टकरी, शहरी कष्टकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी अशा ३६ जणांनी १०९ तासांचे मराठी बोलणे ध्वनिमुद्रित केले. कष्टकऱ्यांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे ठरले. आमच्या लोकांना हे जमेल का, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर कोणते?

सोपाऱ्याचा धडा

आपल्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या आदेशलेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला सापडला. ही अक्षरे ब्राह्मी लिपीतली. ती वाचणारा कित्येक शतके कुणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली सांचीच्या कठड्यांवरील छोटे लेख न्याहाळले, तेव्हा बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे दिसली. त्यांनी ताडले की हे दान देणाऱ्यांचे लेख असावेत आणि तो शब्द ‘दानं’ असावा. कोडे उलगडले!

पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांवरून अंदाज, ही यंत्राचीच रीत. फरक एवढाच की, माणसे स्तूपाला दान देतात हे प्रिन्सेप यांना ठाऊक होते. यंत्राला ना स्तूप माहीत, ना दान. ते आपण लिहिलेल्या शब्दांवर जगते. आणि सांचीच्या सामान्य दात्यांनी आपली नावे दगडावर कोरली नसती, तर ती लिपी तेव्हा उलगडली असती का?

केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ योजनेत ‘भाषादान’ नावाचा उपक्रम आहे. तिथे आपण मराठीत वाक्ये वाचून, ऐकून, लिहून देऊ शकतो. मराठी विकिपीडियावर कुणीही लेख लिहू शकतो. आधार क्रमांक, बँकेचा तपशील असले काही कुठेच देऊ नये. द्यायची ती भाषा. आजीच्या ओव्या, गिरणीतल्या आठवणी, वस्तीचा इतिहास, आईच्या कामाची गोष्ट मुलांनी आपल्या शब्दांत लिहावी. जे लिहिले जाईल, तेच उद्याचे यंत्र वाचणार आहे. ती पाने दुसऱ्यांनी भरण्याआधी लेखणी आपल्या मुलींच्या आणि मुलांच्या हाती असू द्या.